शेपटाकडचा तुकडा

शनिवारच्या बाजारात विजयमाला सकाळी आठला येऊन बसली, ती ऊन डोक्यावर आलं तरी तशीच बसून होती. पुढ्यात पाण्यानं भरलेला निळा ड्रम, ड्रमात सतरा जिवंत मासे, शेजारी लाकडाचा ठोकळा आणि ठोकळ्यावर कोयता. कोयत्याला सकाळपासून साधं पाणी लागलं नव्हतं. डाव्या हाताचा गवारीवाला तिसरी पाटी मोकळी करत होता, उजव्या हाताला सुक्या बोंबलाची म्हातारी बसली होती, आणि तिच्यापुढं बाया दाटीवाटीनं बसून बोंबील निवडत होत्या. वाळून कडकडीत झालेला, दहा दिशांची माशी बसलेला बोंबील यांना चालतो, आणि डोळ्यासमोर शेपूट मारणारा मासा चालत नाही. आता याला काय म्हणायचं?

माणसं येत, ड्रमात डोकावत, पोरांना कडेवर घेऊन मासा दाखवत आणि पुढं जात. एका बाईनं तर नाकाला पदर लावला आणि दुसरीला म्हणाली, "वास लय मारतोय गं." बोंबलाच्या पाटीत गुडघे घालून बसली होती ती बया, आणि वास म्हणे पाण्यातल्या माशाचा. विजयमालाच्या तोंडात शिवी आली होती, ती तिनं कशीबशी गिळली.

बारा वाजता तिच्या गावचा, माळेवाडीचाच, एक ओळखीचा माणूस समोरून चालला होता. तिनं हाक मारून त्याला थांबवलं. "का वं दाजी, मागल्या म्हैन्यात दोनदा न्हेलासा. आता बगतबी न्हाईसा?"

तो इकडं तिकडं बघत म्हणाला, "न्हाई वैनी, तसं काय न्हाई. पन घरात आता नगं म्हनत्यात. तुमी माशांस्नी पोल्ट्रीवरल्या मेलेल्या कोंबड्या घालताय म्हनं."

"कोन म्हनतंय?"

"आता कोन म्हनजे... नानासो म्हनत व्हता. दुकानात."

विजयमालानं ठोकळा-कोयता आवरला. ड्रम गाडीत चढवताना पाणी हिंदकळून तिची साडी कमरेपर्यंत भिजली. वाटभर ती ओल्या साडीनं बसून राहिली आणि एकच नाव दाताखाली चावत राहिली.

नानासो म्हणजे तिच्या नवऱ्याचा, तानाजीचा सख्खा चुलत भाऊ. फाट्यावर त्याचं मटणाचं दुकान. माळेवाडीत पिढ्यान् पिढ्या शेरडं-मेंढरं, त्यामुळं खायचं तर बोकड, नाहीतर कोंबडी. पाण्यातलं खायची कुणाला सवय नाही, कारण पाणीच कुठं होतं? पाणी आलं ते शेततळ्यांनी. डाळिंबासाठी तानाजीनं तळं खणलं, प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात बोटाएवढी माशाची पिल्लं सोडली. गाव हसलं. पण तानाजी वीस वर्षं सिलीगुडीला गलाईच्या दुकानात सोनं गाळत होता. तिकडं दोन्ही वेळेला भात आणि मासा. ॲसिडच्या धुरानं छाती खाल्ली म्हणून तो परत आला, आता तळ्याचा बांध चढतानाही मध्ये एकदा बसतो, पण माशाचं सगळं त्याला ठाऊक. त्यानं बायकोला शिकवलं आणि ती त्याच्याही पुढं गेली. जाळं तीच ओढायची, कापायची तीच.

पहिलं वर्ष बरं गेलं. बुधवारी-रविवारी लोक तळ्यावर यायला लागले. मटणाच्या मानानं मासा स्वस्त, त्यामुळं नानासोच्या दुकानासमोरची रांग थोडी आखूड झाली. थोडीच, पण तेवढी त्याला सहन झाली नाही. माळावरच्या पोल्ट्रीत मागल्या साली रोग येऊन कोंबड्या मेल्या होत्या, पोत्यात भरून ओढ्यात टाकलेल्या साऱ्या गावानं बघितल्या होत्या. नानासोनं त्या कोंबड्या ओढ्यातून उचलून विजयमालाच्या तळ्यात नेऊन टाकल्या, नुसत्या तोंडानं. आणि लोकांनी मानल्या.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. तानाजी बाजेवर बसून खोकत होता.

"सोड," तो म्हणाला. "भावकी हाय."

"म्या न्हाई सोडत. माझ्या हातचं घान हाय म्हनतोय त्यो. त्यानं साऱ्या गावाम्होरं बसून माझ्या हातचा मासा खायाचा. त्याबिगर मला अन्न ग्वाड लागायचं न्हाई."

"आन् मासं? तळं निम्म्यावर आलंय. वळीव पडला न्हाई तर म्हैन्याभरात तळ दिसंल. त्याच्या आत इकाय पायजेत."

"दोन्ही करते," ती म्हणाली.

वैशाखातलं तळं रात्रभरात कोंडतं. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. मग विजयमाला साडीचा काचा मारून पाण्यात उतरायची आणि बादलीनं पाणी उचलून उंचावरून आपटायची. एक बादली, दुसरी, शंभरावी. खांदे भरून यायचे, तळहाताची कातडी पांढरी पडून सुटायची. हवा पाण्यात मिसळली की मासे खाली जात. दिवस उगवेपर्यंत हे काम, आणि प्रत्येक बादलीबरोबर तिच्या मनात नानासोचं टक्कल असायचं.

त्या आठवड्यात तिनं एक केलं. ती घरोघर गेली. विकायला नाही, विचारायला. उंबऱ्यावर बसायची आणि तोंडावर विचारायची, "मासा का खाईत न्हाईसा? खरं सांगा, मला राग यायचा न्हाई." राग यायचाच, पण ती ऐकून घ्यायची.

एक म्हणाली, काट्यांची भीती वाटते, बारकं पोर हाय. दुसरी म्हणाली, आमच्यात कुणाला साफ करायला येत नाही, खवलं घरभर उडतात. तिसरीच्या सासूनं सांगितलं, भांड्याचा वास आठ दिस जात नाही, नि देवाचा वार आला की पंचाईत. एक म्हातारा म्हणाला, "आंबट घालू का तिखट, हेच कळत न्हाई बघ. मटनाचा मसाला घालून केला, तर नुसता चिखल लागला." मातकट वास तर सगळ्यांनीच सांगितला. आणि शेवटी उठता उठता, आवाज खाली करून, प्रत्येक घरातून त्या मेलेल्या कोंबड्या निघायच्या.

अंगणवाडीची मदतनीस पल्लवी तेवढी स्पष्ट बोलली. "वैनी, कोंबड्याचं ऱ्हाऊ द्या. ते खोटं हाय हे निम्म्या गावाला म्हाईत हाय. पन मानसाला नगं म्हनायला कायतरी कारन लागतं. तुमी दुसरी कारनं काढून टाका, मंग हे एकटंच उरंल."

तो सल्ला विजयमालानं पदरात बांधला. दुसऱ्या दिवसापासून तिनं मासा विकायच्या आदल्या दिवशीच धरून सिमेंटच्या हौदात स्वच्छ पाण्यात उपाशी सोडायला सुरुवात केली, म्हणजे मातकट वास जातो. खवलं काढून, धुऊन, मीठ-हळद-चिंच चोळून ती मासा डब्यात द्यायची, घरात नुसता तव्यावर टाकायचा. काट्यांसाठी तिनं हात झिजवले. पोटाकडच्या भागात मोठे काटे, ते सुटतात. पण पाठीत आणि शेपटाकडं केसासारखे, दोन तोंडांचे काटे असतात, ते डोळ्याला दिसत नाहीत. तो भाग ती वाफवायची, बोटांनी चाचपून एकेक काटा वेचायची आणि कांदा-लसणाची चटणी घालून त्याचे वडे थापायची. वेचून वेचून बोटांची टोकं बारीक भोकांनी भरून गेली. चटणीत हात गेला की आग व्हायची.

आणि हे सगळं ती फाट्यावर करायची, उघड्यावर. चारचाकी गाडा, गॅसची शेगडी, समोर ड्रम. "या, ड्रमातनं बोटानं दावा, त्योच कापते." पल्लवीनं स्वतःच्या चार वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर वडा खायला दिला. पोरानं खाल्ला आणि दुसरा मागितला. त्या दिवशी चार डबे गेले, पुढल्या बुधवारी अकरा. अमावास्येच्या आदल्या दिवशी तर गाडा दुपारीच रिकामा झाला. बाया आपसात मसाला सांगायला लागल्या, आणि ज्या म्हाताऱ्याला चिखल लागला होता तो दर बुधवारी पहिला यायचा.

मग पलीकडून नानासो सुरू झाला. गिऱ्हाईकाचं मटण तोलताना मोठ्यानं म्हणायचा, "आमचा बोकड झाडपाला खातोय बाबा. आमी काय मढी चारत न्हाई." गिऱ्हाईक हसायचं. विजयमाला ऐकायची आणि तेलात वडा सोडायची. तेल उडून मनगट भाजलं तरी तिला कळायचं नाही.

रविवारी बिरदेवाच्या देवळासमोर लोक जमले होते. पुजारी हरिबाअण्णा भंडारा वाटत होते. सत्तरीचा माणूस, भावकीतले तंटे त्यांच्यापुढंच मिटायचे. नानासो पाया पडून मागं वळला, तर विजयमाला त्याच्या वाटेत उभी.

"अण्णा," ती हरिबांना म्हणाली, "भंडाऱ्याचं ताट जरा हिकडं करा. भावजी गावभर सांगत्यात, म्या माशांस्नी मढी घालते. त्यांनी बघितलं असंल. त्यांनी भंडारा उचलावा आन् देवाम्होरं म्हनावं, माझ्या डोळ्यानं बघितलंय म्हनून. मी आजच तळं मोकळं करते."

भंडारा उचलणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला सांगायला नको. खोटा भंडारा उचलला तर घरादाराची राखरांगोळी होते, मेंढरं मरतात, वंश खुंटतो, असं सारेच लहानपणापासून ऐकत आलेले. आणि खरं सांगायचं तर विजयमालाला तेच पाहिजे होतं. त्यानं खोटा उचलावा, आणि मग जे व्हायचं ते होऊ दे, असं तिच्या मनात होतं. ती त्याच्या हाताकडं डोळे लावून उभी होती.

नानासोचा हात ताटापर्यंत आला. पिवळ्या ढिगावर बोटं थांबली. मग त्यानं हात मागं घेतला आणि धोतराला पुसला, भंडारा लागला नव्हता तरी.

"मी कुटं बघितलं म्हनलो?" तो म्हणाला. "ऐकलं व्हतं."

"कुनाकडनं?"

"आता ते कुटं ध्यानात असतंय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. हरिबांनी ताट खाली ठेवलं. "झालं. न्हाई उचलला म्हनजे बोलनं खोटं. आता मिटवायचं. नानासो, बुधवारी हिच्या दारात पंगतीला बसायचं, हिच्या हातचं खायाचं. आमीबी येतो चार मानसं. एका पंगतीत जेवलं की इषय संपला. परत कुनी काढायचा न्हाई, तू न्हाई आन् तूबी न्हाई गं." नानासोनं मान हलवली. विजयमालानंही हलवली.

झालं की मनासारखं. साऱ्या गावासमोर तो खाणार होता. एखादी तिथं थांबली असती. पण विजयमालाचं पोट भरलं नाही. 'ऐकलं व्हतं' एवढ्यावर तो सुटला, हे तिला डाचत होतं. महिनाभर बाजारात पदर लावलेली नाकं, परत आणलेले ड्रम, भाजलेली मनगटं, आणि हा धोतराला हात पुसून मोकळा.

बुधवारी पहाटेपासून ती आणि पल्लवी कामाला लागल्या. दारापुढं शेडनेटचा मांडव घातला होता. तेवीस ताटं होणार होती, बाया-पोरं धरून. रहू-कटल्याचे पोटाकडचे तुकडे, वडे, रस्सा, भाकरी, भात. विजयमालानं प्रत्येक तुकडा बोटांनी तीन-तीनदा चाचपला. पल्लवी पाणी आणायला गेली, तेव्हा तिनं मिरगळ जातीच्या माशाचा एक शेपटाकडचा तुकडा घेतला, त्याला चटणी-मीठ चोळलं, काटे न काढता तव्यावर परतला आणि वाटीखाली झाकून वेगळा ठेवला.

पंगत बसली. हरिबाअण्णांच्या शेजारी नानासो. धुतलेला शर्ट, पण तोंड उतरलेलं. विजयमाला स्वतः वाढत होती. त्याच्यापुढं आल्यावर तिनं तो तुकडा त्याच्या ताटात ठेवला.

"काटं?" त्यानं विचारलं.

"काढल्यात भावजी. पोरं खात्यात, बगा की."

सगळ्यांची नजर त्याच्यावर. त्यानं घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मिरगळाची चव गोडसर असते, त्याला ती आवडली हे त्याच्या तोंडावर दिसलं, आणि ते बघून तिला अजूनच चीड आली. तिसरा घास मोठा घेतला आणि गिळताना तो थांबला. डोळे मोठे झाले. हात गळ्याकडं गेला. त्यानं खाकरलं, परत खाकरलं, पाणी प्याला, पाणी नाकातनं आलं.

भाताचं पातेलं हातात धरून विजयमाला बघत उभी होती. काय बरं वाटलं तिला. खोटं कशाला सांगू, बाजारातनं ओल्या साडीनं आल्यापासून तिच्या अंगातला जो ताठा होता, तो त्या क्षणी सैल झाला. नानासो जीभ बाहेर काढून, तोंडाचा आ करून पंगतीत बसला होता, लाळ शर्टावर गळत होती, आणि हरिबाअण्णा त्याला कोरड्या भाकरीचा गोळा गिळायला लावत होते. ज्या तोंडानं तो बोलला होता, ते तोंड आता त्याला मिटता येत नव्हतं. तिनं डोळे भरून बघून घेतलं.

मग तिची नजर पंगतीवर गेली. पल्लवीनं पोराच्या तोंडातला घास बोट घालून बाहेर काढला होता. शेजारच्या बाईनं दोन्ही पोरांची ताटं पुढं सारली. तो पहिला येणारा म्हातारासुद्धा हातातला तुकडा परत ताटात ठेवून बोटं न्याहाळत होता. एकेक करून तेवीस ताटं थांबली. भाकरीच्या गोळ्यानं काटा निघाला नाही. नानासोला मोटारसायकलवर मध्ये बसवून तालुक्याला नेलं.

दिवस मावळायच्या आत तो परत आला. डॉक्टरनं चिमट्यानं काटा काढून हातात दिला होता. नानासोनं तो काडेपेटीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गुरुवार असूनही, दुकान उघडलं. जो येईल त्याला काडेपेटी उघडून दाखवायचा. केसाएवढा काटा, दोन तोंडांचा. "घशात व्हता," एवढंच बोलायचा. बाकी काही बोलायची गरजच नव्हती. त्यानं भंडारा उचलला नव्हता हे लोक चार दिवसांत विसरले. काटा मात्र सगळ्यांनी बघितला.

गुरुवार तसाही देवाचा वार. पण शुक्रवारी गाडा लावला, तर एकही डबा गेला नाही. संध्याकाळी पल्लवी बुधवारचा रिकामा डबा घासून घेऊन आली. "वैनी, राग मानू नगा. पोराचा बाप नगं म्हनतोय. पोरगंबी मासा म्हनलं की रडाय लागलंय." डबा ओट्यावर ठेवून ती गेली. हे मात्र विजयमालाच्या जिव्हारी लागलं.

शनिवारी पहाटे तळ्यात बादल्या मारून मारून तिचे हात गेले, तरी अकरा मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पाणी कमरेच्याही खाली आलं होतं. मेलेले मासे पाटीत भरून तिनं डाळिंबाच्या बुडात खड्डे काढले. तानाजी बांधावर बसून बघत होता. मग त्यानं विचारलं.

"त्याला शेपटाकडचा तुकडा कुनी वाढला?"

तिनं खोरं थांबवलं. "तुमाला कसं कळलं?"

"वीस वर्सं मासा खाल्लाय म्या. पोटाकडच्या तुकड्यात त्यो काटा नसतो. कुनी वाढला?"

"म्या."

"काढल्यात म्हनलीस. पंगतीत."

"म्हनले. मंग? त्यानं बोलायचं, आन् म्या त्याला पोटाकडचा तुकडा घालायचा? तुमी कुनाच्या बाजूचं हायसा?"

"माशांच्या," तानाजी म्हणाला. त्याला खोकला आला, तो संपेपर्यंत थांबला. "अगं, सव्वा म्हैना लोकांस्नी सांगत हुतीस, काटा येत न्हाई म्हनून. आता दोन म्हैने वरडलीस तरी कोन ऐकायचं न्हाई. त्या काट्याचं खरं ठाव असलेलं एकच मानूस हाय गावात, त्ये तू."

"म्हनजे त्याच्या म्होरं जाऊन मान खाली घालू?"

"मान खाली घाल न्हाईतर वर कर. पन आनी आठ दिसांनी हितं खड्डं काढाय जागा उरायची न्हाई."

ती चिडून परत खणायला लागली. दिवसभर तिनं नवऱ्याशी अबोला धरला. नानासोच्या दारात जाऊन चुकले म्हणायचं, या कल्पनेनंच ती हातातलं भांडं आपटायची. त्यापेक्षा तळं आटू दे, मासे मरू देत, असंही तिला वाटून गेलं. पण रविवारी पहाटे परत सहा तरंगले. ती पाण्यातनं बाहेर आली, साडी बदलली आणि तोंड न धुता फाट्याकडं चालायला लागली.

रविवार म्हणजे मटणाच्या दुकानापुढं रांग. वीस-पंचवीस माणसं पिशव्या घेऊन उभी होती, त्यात हरिबाअण्णाही होते. नानासो ओंडक्यावर बोकडाच्या फऱ्या तोडत होता, काडेपेटी तराजूशेजारी ठेवलेली. विजयमाला रांगेत शिरली नाही. दुकानाच्या पायरीवर चढली आणि लोकांकडं तोंड करून उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "बुधवारी ह्यांच्या घशात काटा गेला, त्यो चुकून न्हाई गेला. म्या मुद्दाम ठेवला व्हता. ह्यांनी इचारलं, काटं काढलं का, तर मी काढल्यात म्हनले. खोटं बोलले."

नानासोचा सत्तूर वरच थांबला. मग त्याला हे किती आयतं मिळालंय ते कळलं आणि त्याचं तोंड फुललं. "ऐकलासा? ऐकलासा रं? मिटवायला बोलावलं आन् पंगतीत बसवून जिवावर उठली. आता तर पटलं न्हवं, कसली बाई हाय ती?"

"व्हय," ती म्हणाली, "पंगतीत करायला नगं व्हतं. त्ये चुकलं. हरिबाअण्णा सांगतील तसा देवाला नारळ देते, साऱ्यांच्या म्होरं नाक घासते." तिचा आवाज खाली आला नाही. "पन त्या दिशी मी तेवीस ताटं वाढली. बावीस ताटांत कुनाला काटा घावला? तुमी जेवलाय. तुमची पोरं जेवली. सांगा, एकाला तरी घावला का?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले.

"न्हाई घावला, कारन म्या हातानं वेचल्यात." तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटांची टोकं काळीनिळी झालेली होती. "तुमच्या ताटात काटा आला तर ही बोटं ह्या ओंडक्यावर ठेवते, ह्यांस्नी तोडू द्या. पन ह्यांच्या ताटातलं बोलत न्हाई. ह्यांनी माझं मासं मढी खात्यात म्हनून सांगितलंय आन् अजून चुकलो म्हनलं न्हाईत. हे परत माझ्या दारात जेवाय बसलं तर परत काटा ठेवीन. आत्ताच सांगते."

मग रांगेच्या शेवटी एकजण हसला. त्याचं बघून दुसरा हसला आणि हसू रांगेतनं पुढं पुढं सरकत पायरीपर्यंत आलं. "नानासो, तू आपला बोकडच खा गड्या," कुणीतरी म्हणालं. नानासोनं सत्तूर खाली घातला तो फरीवर न बसता ओंडक्यात रुतला, आणि त्याला तो लवकर उपसता येईना. त्याचे कान लाल झाले होते. विजयमालानं ते नीट बघून घेतलं आणि पायरी उतरली.

हरिबाअण्णांनी पिशवीची घडी घातली आणि काखेत धरली. रांगेतनं बाहेर येत ते म्हणाले, "नारळाचं संध्याकाळी बगू. आज गाडा कुटं लावतीयास?"

"हितंच," ती म्हणाली. "ह्यांच्या समोर. दहाला येते."

आणि ती हौदातले मासे धरायला तळ्याकडं निघाली.